खाल्लेल्या पानांची वही

१

मोजणीत एक वही कमी भरली तेव्हा अंगणातलं ऊन कुंपणापर्यंत सरकलं होतं.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या वाचनालयातली पुस्तकं उन्हाला काढतात. श्रीवर्धनच्या अलीकडचं हे गाव. पावसाळ्यात इथे भिंतींनाही घाम येतो, मग कागदाचं काय होत असेल! सकाळी चटया अंथरायच्या, पुस्तकं उघडी ठेवायची, अधूनमधून पानं उलटायची आणि चार वाजता मोजून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून कपाटात लावायची. शाळेत मराठी शिकवायला मी या गावात आले त्याला पंचावन्न वर्षं झाली. तेव्हापासून हा रविवार मी चुकवलेला नाही. पूर्वी निम्मं गाव यायचं. ग्रामीण गोष्टींचं एखादं जुनं पुस्तक कुणीतरी मोठ्याने वाचायला घ्यायचं आणि काम तसंच राहायचं. एका वर्षी गोष्टीतली म्हैस मेली म्हणून सगळ्या बायका डोळे पुसत बसल्या, आणि तेवढ्यात खऱ्या गाईने दोन कादंबऱ्या चघळल्या. आता आम्ही जेमतेम सहा-सात जण असतो.

यंदा ग्रंथपाल सुचिता होती, अध्यक्ष गणराज होते, मी होते, कोळीवाड्यातला मोरू होता. केसर नेहमीप्रमाणे आपल्या परसातला कडुनिंबाचा पाला घेऊन आली होती. आणि परेश होता.

परेश मूळचा चौलचा, राहतो नव्या मुंबईत, आणि त्याची सासुरवाडी आमच्या गावात. चौलचं बंद घर विकताना त्याने आजोबांची पुस्तकांची ट्रंक गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाला दिली. तीत ग्रामीण गोष्टींची जुनी पुस्तकं होती, आजोबा तुकाराम यांनी छापून घेतलेला घराण्याचा इतिहास होता, आणि एक हाताने शिवलेली चित्रांची वही होती. केवडा, सुरंगी, अळू, पिंपळ, उंडी. हळद, काथ, पारिजातकाचे देठ, चुलीतली काजळी, एवढ्याच रंगांत रंगवलेली. नावगाव कुठेही नव्हतं.

तीच आता परेशला परत हवी होती, आणि तीच नाहीशी झाली होती.

गणराजांनी टेबलावरची नोंदवही उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? 'चित्रांची वही, नग अेक, नेली. गोदू.' ही गोदू कोण?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"सभासदांत गोदू नाही. गावात गोदू नाही. सुचिताबाई, कपाटाची चावी तुमच्याकडे, नोंदवही तुमच्याकडे. परेशरावांना वही परत द्यायला विरोध तुमचाच. आणि खोटं नाव लिहितानासुद्धा 'एक' नीट लिहिता येऊ नये?"

"साहेब, मी नाही लिहिलं ते," सुचिता म्हणाली. चौदा वर्षं ती हे वाचनालय एकटीने सांभाळते आहे.

"परवा पाचला सभा. तोवर वही आली नाही तर चावी ठेवायची आणि घरी जायचं. पुढचं पोलीस बघतील."

सगळे गेल्यावर सुचिता माझ्याजवळ येऊन बसली. "बाई, काम गेलं तर दुसरं बघेन. पण मुलीला काय सांगू? आईला चोर म्हणून काढलं?"

मी नोंदवही मांडीवर घेतली. चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. आणि मला हसूच आलं. ती ओळ सुचिताने लिहिलेली असणं शक्यच नव्हतं.

२

"तू 'एक' कसं लिहितेस?" मी सुचिताला विचारलं.

तिने लिहून दाखवलं. सगळी दुनिया लिहिते तसं.

"इथे बघ. आधी अ काढलाय आणि त्याच्यावर मात्रा दिलीय."

"चुकून झालं असेल."

"असं चुकत नाही गं कुणी. असं शिकवावं लागतं."

मी मूळची पालीची. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना लिपी सुधारण्याचं भारी वेड होतं. इ, ई, उ, ऊ, ए ही अक्षरं त्यांनी फळ्यावरून हद्दपार केली होती. अ ला वेलांटी दिली की इ, उकार दिला की उ, मात्रा दिली की ए. अिमारत, अुंदीर, अेक. तेव्हा असे हौशी मास्तर ठिकठिकाणी होते. चार-सहा वर्षांत ते वारं ओसरलं, पण त्या वर्षांत जी मुलं पाटीवर हात बसवत होती त्यांच्या हातून अजूनही कधीतरी 'अेक' निघून जातं. माझ्या हातून किराणाच्या यादीत निघतं.

"म्हणजे लिहिणारा माणूस तुमच्या वयाचा?" सुचिता सरसावून बसली.

"अठ्ठ्याहत्तरच्या खाली नाही."

"गणराजसाहेब साठीचे. परेशदादा पस्तीसचे." ती बोटं मोजू लागली. "मग उरले कोण? बाई, आज डोकं चालत नाहीये. एक तर हा प्रकार, त्यात पालासुद्धा यंदा नुसता ओट्यावर ओतलेला. झाडूने गोळा केला मी. पाठ धरली."

मी तिच्या पाठीकडे लक्ष दिलं आणि पाल्याकडे दिलं नाही. तिथेच माझा एक दिवस फुकट गेला.

त्या अंगणात अठ्ठ्याहत्तरीचे वाचक दोनच होते. एक मी, दुसरा मोरू. आणि वही मी नेली नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरू कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत बसला होता. भोवती बायका सुकट निवडत होत्या.

"मास्तरीनबाय! ये, बस. वास सोसंल ना?"

"पंचावन्न वर्षं सोसते आहे. मोरू, काल वाचनालयातून काय आणलंस?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा समुद्राकडे. "तुला कुनी सांगला?"

"आता तूच सांगितलंस."

बायका खिदळल्या. त्याची सून म्हणाली, "द्या मामंजी. काल रातच्याला उशाखाली घेऊन झोपलाव."

मोरूने टोपलीखालून फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. पण ती चित्रांची वही नव्हती. परेशच्या ट्रंकेतलंच एक गोष्टींचं पुस्तक होतं, बांधणी उसवलेलं, म्हणून बाजूला काढलेलं आणि मोजणीत न धरलेलं.

"नोंद केलीस?"

"नोंद कसली? उन्हात पडला हुता बिचारा. यांना वाचून दाखवतो. गोष्ट चालू असली का हात चालतात यांचे. काल म्हस मेली तवा मातर सगल्या थांबल्या."

तीच म्हैस. मला एकदम ते जुनं अंगण आठवलं आणि रागवायचं राहून गेलं. तरी मी पेन पुढे केलं. "नोंद आता कर. लिही, पुस्तक एक."

मोरूने जीभ दातांत धरून लिहिलं: 'पुस्तक येक'. तो जसं बोलतो तसं. 'अेक' त्याच्या हातचं नव्हतं.

"चित्रांची वही बघितलीस तू?"

"बगितली. येक मासा न्हाय त्याच्यात. नुसती पानं, आनि ती पन किड्यानं खाल्लेली. कुनी इतक्या मायेनं भोकं काढतो का? पन तो परेश हाय ना, त्या भोकांवर बोट ठेवून काय काय सांगत हुता. मी लांब हुतो, कानाला धड ऐकू येत न्हाय. एवढा दिसला का त्याचा बोलून झाला, आनि मंग कुनीच बोलला न्हाय."

४

परेश सासऱ्यांच्या ओटीवर लॅपटॉप उघडून बसला होता.

"बाई, मी कशाला चोरीन? आमचीच वही."

"दिलेली वस्तू परत मागायला तोंड लागतं. चोरायला लागत नाही."

तो मोठ्याने हसला. "ओके, पॉइंट आहे. पण माझ्याकडे सगळ्या पानांचे फोटो आहेत, सुचिताताईंनीच पाठवलेत. ओरिजिनल फक्त स्कॅनिंगला पाहिजे. एकदम भारी बुक करतोय. 'तुकाराम आजोबांची निसर्गचित्रं'. मे महिन्यात आजोबांना जाऊन तीस वर्षं होतील. हे बघा."

पडद्यावर अळूचं पान आलं. कडेला कुरतडलेलं, मध्ये तीन भोकं, भोकांतून मागची काळी माती दिसत होती. एका भोकाच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढी हिरवी अळी.

"हे आधी. आणि हे नंतर." त्याने बटण दाबलं. भोकं बुजली. कड सरळ झाली. अळी गेली. लग्नाच्या मंडपात लावतात तसं गुळगुळीत पान समोर आलं.

"सगळी पानं क्लीन करणार. लोकांना किडकं कोण दाखवतं?"

"हे तू काल अंगणात सांगितलंस?"

"हो, सगळ्यांना दाखवलं मोबाईलवर. आवडलं सगळ्यांना."

"कोण म्हणालं आवडलं?"

"तसं... कोणी काही बोललं नाही."

"आणि आजोबांनीच काढली हे कशावरून?"

"घराण्याच्या इतिहासात आहे ना! आजोबांनी स्वतः लिहिलंय. पान बावन्न. ऑन रेकॉर्ड."

मी तडक वाचनालय गाठलं. पान बावन्न काढलं. वहीबद्दल तिथे एकच वाक्य होतं. मी ते दोनदा वाचलं, आणि आयुष्यभर मुलांना जो प्रश्न विचारून छळलं तोच मला तिथे उभा दिसला.

५

वाक्य असं होतं: 'सन १९५८ ते १९६२ या काळात वाडीतील झाडापानांच्या चित्रांची एक वही घरी तयार करण्यात आली.'

कर्ता ओळखा.

तयार करण्यात आली. कुणाकडून? पत्ता नाही. तुकाराम तलाठी होता, सरकारी भाषा त्याच्या हाडीमाशी भिनलेली, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण मी सगळं पुस्तक चाळलं. 'विहीर मी बांधली.' 'रोठा सुपारीची रोपं मी आणली.' 'गावात पहिली सायकल मी घेतली.' या माणसाला 'मी' म्हणायचा जराही संकोच नव्हता. फक्त या एका वाक्यात त्याने 'मी' घातला नाही. त्याला खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहायला हात धजला नसावा. अशा वेळी माणूस कर्ता गाळतो.

वही १९६२ मध्ये थांबते. का?

मी मागची वंशावळ उघडली. या पुस्तकांत मुलग्यांच्या नावाखाली फांद्या फुटत जातात. मुलींना अर्धी ओळ. तुकारामाच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत होतं: 'भगिनी गोदू, विवाह १९६२, श्रीवर्धनकडे दिली.'

श्रीवर्धनकडे. म्हणजे आमच्याकडे.

नवऱ्याचं नाव नाही. सासरचं आडनाव नाही. आणि मुख्य म्हणजे तिचं नवं नाव नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून, त्यावर अंगठीने नवं नाव लिहून आमच्याकडे जुन्या नावाची बोळवण करतात. माहेरच्या पुस्तकात ती गोदूच राहिली. सासरच्या गावाला गोदू ठाऊकच नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तरी ती एकच बाई आहे हे कळायला मार्ग नाही.

मी डोळे मिटून बसले. बासष्टच्या सुमाराला या गावात आलेल्या सुना आठवू लागले. अकरा आठवल्या. आठ गेल्या. एक मुलाकडे पुण्याला. उरल्या दोन, त्यांतली एक माझ्यासारखीच पालीची.

आणि मग मला एक रांगोळी दिसली. दर दसऱ्याला, दर पाडव्याला एका दारापुढे पानांची वेल असते. सुरेख काढलेली, पण प्रत्येक पानाला एक भोक. मी दरवर्षी चेष्टा करायची, "रांगोळीला कीड लागली का गं?" आणि ती म्हणायची, "पान म्हटलं की कुणीतरी खाल्लेलं असायचंच."

पाला ओट्यावर ओतलेला होता. दरवर्षी ती लुगड्याच्या फडक्यात गाठोडं बांधून आणते, तसंच ठेवून जाते आणि फडकं दुसऱ्या दिवशी नेते. यंदा फडकं तिथल्या तिथेच लागलं होतं, दुसरं काही बांधून न्यायला.

पन्नास वर्षांची माझी मैत्रीण. मी तिला कधी संशयितांत धरलीच नाही. तिला वाचता येत नाही अशी माझी समजूत होती.

६

मंगळवारी सकाळी केसर मागच्या पडवीत भाजी निवडत होती.

"आलीस मास्तरीण? बस. दोन दिवस ताप होता गं मला. बाहेर पडले नाही."

मी बसले आणि हळूच म्हणाले, "गोदू."

तिचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "किती वर्षांनी कुणी हाक मारली."

"वही कुठे आहे?"

"आत. तांदळाच्या डब्यावर. मी चोरली नाही हो. लिहून नेली."

"गोदू म्हणून?"

"मग? वही गोदूची आहे. केसरने कुठे काय काढलं? केसरने भाकऱ्या भाजल्या." ती हसली, पण डोळे भरले होते. "ती वही वाचनालयात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी आत येतेच कुठे? परवा पाला ठेवायला वाकले तर ती समोर, उन्हात. साठ वर्षांनी. आणि तो मुलगा मोबाईल फिरवत होता. अळूचं पान दाखवलं. माझी अळी कुठे गेली?"

"त्याने पुसली."

"तीन दिवस बसले होते गं मी त्या अळीसाठी. ती खायची, मी काढायची. दादा ओरडायचा, अळू वाया घालवतेस म्हणून. त्यावर दुसऱ्याचं नाव घातलं तर घालू देत. पण भोकं बुजवून मागं राहील काय?"

"तुझ्या मुलाची पत्रं मी वीस वर्षं तुला वाचून दाखवली," मी जरा रागानेच म्हणाले. "वाचता येत नाही म्हणून!"

"येत नाही असं मी कधी म्हटलं? मी वाचलं की पत्र दोन मिनिटांत संपायचं. तू वाचलंस की चहा व्हायचा, संध्याकाळ व्हायची."

तिचं माहेरचं नाव पन्नास वर्षांत विचारलं नाही ते मीच.

मग मी तिला सुचिताचं सांगितलं. तिच्या हातातली जुडी खाली पडली. "चोर म्हणाले? त्या पोरीला?"

"पाच वाजता सभा आहे. तू येऊन सांगितलंस तर सुटेल."

ती उठली आणि पुन्हा बसली. "पण मग दादाचं? सगळे म्हणतील तुकारामाने बहिणीची वही आपल्या नावावर खपवली. गेलेल्या माणसाला कसं गं खाली पाडू?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि पान बावन्न वाचून दाखवलं.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"मी म्हणून नाही लिहिलंन," ती म्हणाली.

"नाही लिहिलं. बाकी सगळीकडे लिहिलंय. सायकलसुद्धा त्याची."

"सायकल त्याच्या सासऱ्यांनी दिलेली, लग्नात," केसर म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला ठसका लागला. मग तिने डोळे पुसले आणि चांगलं लुगडं काढायला आत गेली.

७

पाच वाजता गणराज टेबलामागे बसले होते. सुचिताने चावी आधीच समोर ठेवली होती. परेश कोपऱ्यात होता. मोरू दाराशी, उगाच.

केसरने वही टेबलावर ठेवली. "मी नेली."

"केसरकाकू? तुम्ही?" गणराज उठून उभेच राहिले. "पण इथे तर गोदू लिहिलंय."

"काढली तेव्हा तेच नाव होतं माझं."

मी वंशावळीचं पान उघडून परेशपुढे धरलं. त्याने वाचलं. तिच्याकडे बघितलं. पुन्हा वाचलं. "गोदू... आजोबांची बहीण? म्हणजे तुम्ही माझ्या आजी? अहो, चार वर्षं मी तुमच्या दारावरून येतोय-जातोय!"

"हो ना. आणि दरवेळी गाडीने रांगोळी पुसतोस."

तो वाकून पाया पडला. केसरने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मोठा हो. पण माझी अळी जागेवर ठेव."

गणराज खाकरले. "ठीक आहे. गैरसमज झाला. विषय संपला."

"संपला नाही," मी म्हणाले. "चोर म्हणालात ते अंगणभर ऐकू गेलं होतं. हे आम्हाला इथे समोरसुद्धा नीट ऐकू आलं नाही."

दारातून मोरू म्हणाला, "मला तर अजाबात न्हाय."

गणराज लाल झाले. पण माणूस वाईट नाही. सुचिताकडे वळून ते खणखणीत म्हणाले, "सुचिताबाई, चूक माझी झाली. तुमची काही चूक नव्हती." आणि चावी तिच्यापुढे सरकवली.

सुचिताने ती लगेच उचलली नाही. चष्मा लावला, नोंदवही उघडली आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

परेशने वहीकडे हात नेला. "मग मी आजच घेऊन जातो स्कॅनिंगला. भोकांसकट, आजी. नावसुद्धा तुमचंच घालू."

"थांबा," सुचिता म्हणाली. "वही बाहेर गेलेली आहे. नोंद आहे."

"सभासद नाहीत त्या," गणराज पुटपुटले.

"माझ्या कार्डावर घे," मी म्हणाले.

सुचिताने त्या ओळीपुढे माझा क्रमांक घातला आणि वही केसरच्या हातात दिली. "आमच्याकडे पुस्तक पंधरा दिवसांसाठी देतात, आजी. रविवारी नेलंत तुम्ही."

केसरने बोटांवर मोजलं. "म्हणजे अजून तेरा दिवस."

"तेरा."

तिने वही पदराखाली घेतली आणि पायऱ्या उतरून घरी गेली.